टोफू खाल्ल्याने खरंच फायदा होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून मांसाऐवजी टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, खाल्ला तर उपयोग होईल का, आणि पुरुषांनी खाल्ला तर हार्मोन बिघडतात हे खरं का. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं आठवड्यातून तीन-चारदा टोफू खातोय आणि त्यापायी एकदा तोंडावर आपटलोय, एवढाच माझा अधिकार.

आधी कोलेस्टेरॉल. टोफूत ते अजिबात नसतं, संपृक्त चरबीही कमीच. पण सोयाच्या प्रथिनांमुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं ते साधारण तीन-चार टक्के, जास्त नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने, १९९९ मध्ये रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनं आणि हृदयविकाराचा कमी धोका यांची सांगड घालणारा दावा पाकिटावर छापू दिला होता. २०१७ मध्ये पुरावा तेवढा ठाम नाही म्हणत तोच मागे घ्यायचा प्रस्ताव आणला. खरा फरक पडतो तो ताटातून काय उठलं यावर. चरबीदार मांस उठलं आणि तिथे टोफू आला तर चांगलंच. जेवण आहे तसंच ठेवून वर तळलेला टोफू खाल्लात तर नुसत्या कॅलरी वाढतील. तेल तर तो असा पितो की विचारू नका.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र बिनधास्त राहा. आवश्यक नऊच्या नऊ अमिनो आम्लं त्यात आहेत. घट्ट टोफूत १०० ग्रॅमला १२ ते १७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, लुसलुशीत सिल्कन टोफूत त्याच्या निम्मी किंवा कमीच. बी १२ नाही, आणि दूध काढताना चोथा बाजूला जात असल्याने फायबरही फारसं नाही.

कॅल्शियमसाठी पाकीट उलटून बघाच. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून दूध काढतात आणि ते साकळायला काहीतरी घालावं लागतं. घटकांत कॅल्शियम सल्फेट दिसलं तर कॅल्शियम भरपूर. नुसतं मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे निगारी असेल तर बरंच कमी. मी एकदा दोन पाकिटं शेजारी ठेवून वाचली होती, रंग तोच, आकार तोच, आणि कॅल्शियमच्या आकड्यात तिपटीचा फरक.

हार्मोनची भीती सोयातल्या आयसोफ्लेव्होन्स या घटकांमुळे पसरली. त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी दिसते, पण शरीरातलं काम त्याच्या मानाने फारच क्षीण. २०२१ मध्ये चाळीसेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर सोयाचा परिणाम दिसला नाही. छाती वाढल्याची एक केस लोक नेहमी पुढे करतात. ते गृहस्थ दिवसाला जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते! तेवढं कुठलंही दूध प्यायलं तर काहीतरी होणारच की.

आता माझा किस्सा. मला थायरॉइडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी. टोफूचं वेड नवं होतं तेव्हा गोळीनंतर अर्ध्या तासात टोफूचाच नाश्ता सुरू केला. काही महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला आला, म्हणजे थायरॉइडची गोळी कमी पडत होती. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, सकाळी खाण्यात काही बदललंय का? सोया लेव्होथायरॉक्सिनचं, म्हणजे या थायरॉइडच्या गोळीचं, शोषण अडवू शकतं, हे मला तेव्हा कळलं. टोफू रात्रीच्या जेवणात नेला, डोस तोच ठेवला, पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. तुमची अशी गोळी असेल तर मध्ये तीन-चार तास जाऊ द्या. सोयाची ॲलर्जी असेल तर मात्र हा विषयच सोडा.

गॅसचा त्रास होत असेल तर घट्ट टोफू घ्या. तो दाबून घट्ट करताना गॅस करणारी साखर पाण्याबरोबर बरीचशी निघून जाते. सिल्कनमध्ये ती आतच राहते.

पहिल्यांदा खाताना तो बेचव लागेल. जाड फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, वीस मिनिटांत वाटीभर पाणी सुटतं, मग मसाला आत शिरतो. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुन्हा करा, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर टोफूच्या भरवशावर ती बंद करू नका.