घाटावर शूटिंग, संवाद वर्गात

प्रश्न : बाहेरगावच्या कॉलेजची २४ मुलं नाशिकला एका दिवसाच्या चित्रपट कार्यशाळेला येणार आहेत. सगळं शूटिंग गोदाघाटावर ठेवावं का?

उत्तर : नको. घाटावर दृश्यं सुंदर मिळतील, पण घंटा आणि गर्दीत संवाद हरवतील. ते वर्गातच घ्या. पंखे बंद, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. प्रसंग संपला की सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. संपादनात कटांमधले सांधे त्यानेच झाकतात. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. गट सहा-सहांचे. शूटिंग दुपारी दोनला थांबवाच, संपादनाला तीन तास लागतात. फुटेज दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू देऊ नका.