कोट घातलेला ससा चित्रात पाहून मुलांना निसर्ग चुकीचा कळतो का?

नाही, कोटाच्या आतला ससा खरा काढला असला म्हणजे झालं. कोट घातलेल्या पीटर सशाची गोष्ट लिहिणाऱ्या आणि तिची चित्रं काढणाऱ्या इंग्रज लेखिका बीअ‍ॅट्रिक्स पॉटर बघा. त्या पाळलेल्या सशांची रेखाटनं करत. अळंब्यांवरचा त्यांचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत सादर झाला, इतकं त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. म्हणूनच कोट चढवला तरी त्यांच्या सशाचे कान आणि मागचे पाय सशाचेच राहतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एखाद्या वर्गासाठी तुम्ही स्वतः चित्रं काढणार असाल, तर तिथल्याच भीमगडच्या जंगलातलं शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, घ्या, फार देखणा जीव आहे! पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट पिवळसर, आणि परसातल्या खारीसारखे पट्टे अंगावर अजिबात नाहीत. फांदीवर बसून फळ खाताना लांब झुपकेदार शेपूट खाली लोंबतं, तोल त्यानंच सांभाळला जातो. घरटं काटक्या-पानांचं, गोल, उंचावरच्या बारीक फांद्यांत. एवढं नीट उतरलं की खुशाल पटका बांधा त्याला.

मात्र मुलांनी कधीच न पाहिलेला प्राणी असेल, तर आधी एका पानावर तो कपड्यांशिवाय, त्याच्या झाडावर दाखवा.