लहानपणीचं इन्फेक्शन, मोठेपणीचं हृदय आणि तुझा मेल

प्रिय दोस्ता,

मेल वाचला. लहानपणी झालेल्या इन्फेक्शनमुळे पुढे हार्ट अटॅकचा धोका वाढतो का यावर काम करायचंय म्हणतोयस ना, आणि खाली लगेच विचारलंयस की दोन वर्षांत यातून बरा पेपर निघेल का. निघेल की! या विषयात पेपर फार सहज निघतात, तीच तर माझी तक्रार आहे. पन्नाशीत हृदय बिघडलेल्या माणसाच्या बालपणात शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच, पण जे सापडलं त्यानेच बिघडवलं का हे सांगता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि खरं काम तेवढंच आहे.

सुरुवात जिथे खात्री आहे तिथून कर. रुमॅटिक फीवर घे, घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू येतो, शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडी बनवतं, त्या जंतूचं प्रोटीन थोडंफार हृदयातल्या प्रोटीनसारखं असतं म्हणून तो मारा झडपांवरही होतो, सगळ्यात जास्त डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर. दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन चालू ठेवलं की पुन्हा पुन्हा येणारा रुमॅटिक फीवर टळतो, म्हणजे साखळी दिसते आणि तोडताही येते. मग कावासाकी डिसीज, लहान मुलांना ताप येऊन रक्तवाहिन्या सुजतात तो आजार. डॉ. तोमिसाकु कावासाकींनी पहिला पेशंट १९६१ ला बघितला, ५० मुलांचा रिपोर्ट १९६७ ला छापला, आणि नेमकं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही, इन्फेक्शनमुळे सुरू होत असावा असा दाट संशय आहे एवढंच. तरी उपाय सापडला. उपचार न मिळालेल्या साधारण २५ टक्के मुलांच्या कोरोनरीला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना, फुगे येतात, पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) दिलं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं. अशा मुलांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होत असताना शेजारी उभा राहा, वाचून कळत नाही ते.

आता सावध हो, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. कावासाकीतली ही खात्री उचलून साध्या न्यूमोनिया-जुलाबांवर चिकटवायची नाही. फिनलंडमध्ये १९८० साली ३ ते १८ वयाच्या ३५९६ मुलांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला, यंग फिन्स म्हणतात त्याला, आणि त्यात अगदी लहान वयात इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट झालेल्यांमध्ये मोठेपणी जास्त वजन आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, बीपी, साखर, चरबी हे एकत्र बिघडणं) यांच्याशी संबंध दिसला. चांगला अभ्यास आहे, नीट वाच. पण वाचताना स्वतःला विचार की अ‍ॅडमिट कोण होतं? ज्याचं इन्फेक्शन जोरात आहे तो होतोच, पण जन्मतः वजन कमी होतं तो, ज्याच्या घरात दाटी आहे, कुणी सिगरेट ओढतंय तो, आणि शिवाय बेड रिकामा होता का, आई-बाबा किती घाबरले होते यावरही ठरतं. यातल्या बऱ्याच गोष्टी इन्फेक्शनकडे नेतात आणि इन्फेक्शनला बाजूला ठेवून थेट हृदयाकडेही नेतात. स्टॅटिस्टिक्समध्ये अ‍ॅडजस्ट केलं, म्हणजे अशा गोष्टींचा परिणाम हिशेबातून वजा केला, असं सगळेच लिहितात पण जे मोजलंच नाही ते अ‍ॅडजस्ट कसं करणार?

माझ्या आवडीची एक युक्ती सांगते. त्याच डेटात हात-पाय मोडून अ‍ॅडमिट झालेली मुलं वेगळी काढ आणि त्यांचं पुढे काय झालं ते बघ. फ्रॅक्चर झालेल्यांचंही हृदय तेवढंच बिघडलेलं दिसलं तर इन्फेक्शनवर आळ घ्यायची घाई नको, गडबड त्या घराच्या परिस्थितीत आहे. भावंडांची तुलना हा दुसरा मार्ग, घर तेच, आई-बाबा तेच, एक जण अ‍ॅडमिट झालेला आणि दुसरा नाही. दोन्ही करून आकडा टिकला तर मी ऐकायला बसते.

इन्फेक्शनने शरीरात होणारी सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, हृदय बिघडवते असं म्हणशील तर दोन ट्रायल्स पाठ असू देत. क्लॅमिडिया न्यूमोनिये नावाचा जंतू आर्टरीत सापडतो म्हणून कोरोनरीच्या ४०१२ पेशंटना दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा खोटी गोळी असं वर्षभर दिलं, २००५ ला निकाल आला, काहीही फरक नाही. मग २०१७ ची कँटोस नावाची ट्रायल, १०,०६१ पेशंट, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातली इन्फ्लमेशनची खूण) वाढलेला, त्यांना कॅनाकिनुमॅब हे इन्फ्लमेशन कमी करणारं औषध दिलं, कोलेस्टेरॉल हललं नाही पण १५० मिग्रॅ डोसला पुढच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे इन्फ्लमेशनचा हात आहे हे दिसलं. पण त्याच ट्रायलमध्ये इन्फेक्शनने होणारे मृत्यू वाढले, हे वाक्य लोक विसरतात, तू विसरू नकोस. आणि हे सगळे मोठे, आधीच आजारी लोक होते, मुलांबद्दल यातून थेट काही कळत नाही.

मोजमाप स्वतः शिक, टेक्निशियनवर सोडू नकोस. धमन्या बिघडताहेत का हे बघायला मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी मोजतात, मुलांमध्ये ती अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते आणि तू शोधतोयस तो फरक त्याच्याही छोट्याशा भागाचा, प्रोब जरा तिरका धरला किंवा ईसीजी न बघता भलत्या क्षणी फोटो घेतला की तो फरक आपणच तयार करतो. सोनोग्राफी करणाऱ्याला मूल कुठल्या गटातलं हे कळता कामा नये. सीआरपीचंही तसंच, साधी सर्दी असली तरी वर जातो, म्हणून फॉर्मवर गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप-खोकला होता का हा प्रश्न टाकच.

ओपीडी सोडू नकोस हेही सांगून ठेवते. आई-बाबा विचारतील, याला लहानपणी न्यूमोनिया झाला होता, पुढे हृदयाचं काही होईल का. धोका किती हे एका मुलासाठी आपल्याला सांगता येत नाही, तेच सांगायचं, आणि लसी पूर्ण करा, घरात सिगरेट नको, बीपी आणि वजन बघत राहा एवढं म्हणायचं, तसंही ते सगळ्याच मुलांना लागू आहे. आपल्या अर्धवट निष्कर्षाची भीती त्यांच्या घरी पाठवायची नाही.

बाकी पुढच्या मेलमध्ये पेपरची आयडिया नको. एका पानावर एवढंच लिही की तुझं म्हणणं चुकीचं असेल तर डेटात नेमकं काय दिसेल. ते पान घेऊन आधी स्टॅटिस्टिशियनकडे जा, डेटा गोळा व्हायच्या आधी, आणि तो जे काही बोलेल ते पानाच्या मागे लिहून मला पाठव.