आई-बाबांना घेऊन मे महिन्यात मेक्सिकोतल्या कॅनकूनला जायचंय, पाचही रात्री ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणंपिणं भाड्यातच धरलेला) रिसॉर्ट घ्यावा का?

तुम्ही टेक्सासमध्ये राहता, आई-बाबा भारतातून आलेत, दोघं शाकाहारी, त्यात बाबांचे गुडघे दुखतात, असं लिहिलंय. मी सासू-सासऱ्यांना घेऊन मेमध्येच जाऊन आलोय. माझं ऐकाल तर तीन रात्री रिसॉर्ट घ्या आणि दोन रात्री बाहेर काढा.

पण आधी व्हिसा. आई-बाबांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही लागत नाही. अडकतो तो बहुतेक वेळा मुलगाच. एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या परवानगीची, मुदतवाढ मंजूर झालेली असते, तिचा कागद फाइलमध्ये असतो, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प कधीच संपलेला असतो. मेक्सिकोत शिरायला नुसता तो कागद पुरत नाही. तिकिटं काढण्याआधी स्वतःचा पासपोर्ट उघडून बघा.

मे म्हणजे तिकडे सरगॅसमचा मोसम. हे तपकिरी शेवाळ समुद्रातून वाहत येतं, किनाऱ्यावर ढिगानं साचतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. कॅनकूनची हॉटेलांची पट्टी इंग्रजी सातच्या आकाराची आहे. सातची लांब उभी बाजू उघड्या समुद्राला तोंड करून, तिथे लाटाही मोठ्या. वरची आखूड बाजू इस्ला मुहेरेस बेटाच्या आडोशाला. तिथे पाणी शांत आणि शेवाळही सहसा कमी, त्यामुळे वयस्कर माणसांना गुडघाभर पाण्यात निवांत उभं राहता येतं. हॉटेल याच बाजूचं बघा. वारा फिरला की तिथेही शेवाळ येऊ शकतं, तेव्हा एक दिवस बोटीनं बेटावरच्या प्लाया नोर्तेला जा. बोट वीसेक मिनिटांत पोचवते. बेत ऑगस्ट-सप्टेंबरवर मात्र ढकलू नका, तेव्हा चक्रीवादळांचा भर असतो.

आता जेवण. बुफेत पहिल्याच दिवशी सासूबाईंना घोटलेला काळा घेवडा दिसला. टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ भाकरीच, वर लिंबू पिळलं, कांदा घेतला आणि बाई खूश. तीन दिवस दोन्ही वेळा तेच. तिसऱ्या रात्री मी सहज वेटरला विचारलं, "मांतेका?" तो अभिमानानं म्हणाला, "सी, सी!" मांतेका म्हणजे डुकराची चरबी. सासूबाईंना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, चरबी नको, एवढं पाठच करा. भातही विचारून घ्या, तो पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. बाकी आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ-लिंबू आणि चिंचेचं सरबत रस्त्यावर मिळतं, ते आई-बाबांना नक्की आवडेल. सरबत बाटलीबंद पाण्याचं आहे ना, एवढं बघा.

बाहेरच्या दोन रात्री वायादोलिद गावात घ्या. कॅनकूनहून सकाळी निघून चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं पिरॅमिडवालं प्राचीन शहर, करणाऱ्या बसेस ऐन उन्हात पोचतात, आणि तिथे सावली फारशी नाही. वायादोलिदहून गाडीनं पाऊण तास. आठला फाटक उघडतं तेव्हा हजर राहा. तिथलं घड्याळ कॅनकूनपेक्षा एक तास मागे असतं, गाडी ठरवताना गोंधळ होतो. पिरॅमिडवर आता कुणालाच चढू देत नाहीत, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न नाही. चारही बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून 365, वर्षाचे दिवस. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो. सासरे पंधरा मिनिटं टाळ्या वाजवत होते. सेनोते, म्हणजे चुनखडी खचून झालेल्या विहिरीसारख्या जागा, तिथे मात्र उतरायला ओल्या, निसरड्या पायऱ्या असतात. वायादोलिद गावातच सासी नावाचा एक आहे, तो बाबांना वरूनही बघता येईल.

गाडी आधीच ठरवून ठेवा. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना हसतमुख माणसं अडवतात, टॅक्सीचं विचारतात आणि फुकट नाश्त्याच्या बोलीवर टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमधला वर्षातल्या काही दिवसांचा वाटा विकण्याच्या, सादरीकरणाला बोलावतात. मी आणि बायको मान खाली घालून चालत सुटलो. मागे वळून बघतो तर सासरे त्या माणसाला आमच्या हॉटेलचं नाव, खोल्या किती, जेवण धरलंय का, सगळं सविस्तर सांगत होते.