बाबा 62 चे, बीपीची गोळी चालू, घोरणं शेजाऱ्यांना ऐकू जातं. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूलवाल्या डॉक्टरांनी 'घोरता का' विचारलं, गळा टेपने मोजला (42 सेंटीमीटर) आणि फाईलवर हाय रिस्क लिहिलं. हे बिल वाढवायला आहे का? ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

बिल वाढवायला नाही हो, आधी तेवढं मनातून काढा. मी स्वतः भूल देते, चौदा वर्षं झाली, आणि रोज हेच विचारते. टेप पण पर्समध्येच असते, शिंप्याकडची, त्यावरून आमच्या सिस्टर हसतात मला.

ह्या प्रश्नांना स्टॉप-बँग म्हणतात, स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा धोका किती ते ओळखायला. टोरांटोच्या फ्रान्सेस चुंग ह्या भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या टीमने 2008 मध्ये छापलेलं, म्हणजे मुळात ऑपरेशनच्या पेशंटसाठीच काढलेलं आहे. आठ प्रश्न, हो किंवा नाही. बंद दारापलीकडे ऐकू जाईल इतकं घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, मग बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळा 40 सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष आहे का (हा मार्क फुकटचा). पाच किंवा जास्त आले की हाय रिस्क. तुम्ही लिहिलंय बाबा 62 चे, बीपीची गोळी चालू, गळा 42 आणि घोरणं शेजाऱ्यांना ऐकू जातं, म्हणजे पाच तिथेच झाले की.

पण म्हणून त्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहेच असं नाही. ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलीय, आजार नसलेले पण बरेच अडकतात तिच्यात. पक्कं कळायला स्लीप स्टडीच लागते, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी.

आता हे कशासाठी ते सांगते. अ‍ॅप्नियावाल्याचा घसा झोपेत ढिला पडून बंद होतो, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास अडतो, ऑक्सिजन खाली येतो आणि मग मेंदू दचकून त्याला अर्धवट जागं करतो, तो खर्रकन श्वास घेतो आणि परत झोपतो. घरी हा वॉचमन जागा असतो. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखं काही दिलं की वॉचमनलाच डुलकी लागते. थिएटरमध्ये मी असते उशाशी, मला भीती असते ती रात्री दोन वाजताच्या वॉर्डाची, जिथे पेशंट घोरतोय म्हणजे छान झोपलाय असं सगळ्यांनाच वाटतं.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन, घोरता का विचारलं तर म्हणाले 'छे, मी नाही', आम्ही पण तसंच लिहून घेतलं. रात्री दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तासाभराने राउंडला गेले तर ओठ काळसर, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर 74 टक्के. हलवलं, हनुवटी वर उचलली, ऑक्सिजन लावला, आले ताळ्यावर. खाली चटईवर झोपलेल्या काकू उठून म्हणाल्या, 'रोजच थांबतो हो श्वास यांचा, आज जरा जास्त वेळ थांबला.' त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! तेव्हापासून मी पेशंटला विचारते आणि बघते बायकोकडे, बरेचदा काका मान नाही म्हणून हलवत असतात आणि मागे काकू हात वर करून उभ्या.

ढकलायचं का, तर बीपी, शुगर, हार्ट आटोक्यात असेल तर नुसत्या स्लीप स्टडीसाठी सहसा ढकलत नाहीत, पण शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. तुम्ही विचारा की पूर्ण भूल न देता पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन, फक्त कमरेखाली बधिर करून होईल का (ओपन हर्निया, म्हणजे दुर्बिणीने नाही तर चिरा देऊन असेल तर बहुतेकदा होतं), रात्रभर बोटाला चिमटा राहील का, उशाकडून पलंग वर ठेवणार का. झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेग चालू असेल तर लपवू नका. स्लीप स्टडी नंतर सवडीने करा, बीपी त्यामुळे पण वाढलेलं असू शकतं.

आणि पुढच्या व्हिजिटला आईला सोबत न्या. जमलं तर आज रात्री बाबा झोपल्यावर पाच मिनिटं मोबाईलवर शूटिंग करा, पंखा जरा कमी ठेवून, नाहीतर पंख्याच्या आवाजात श्वास कधी थांबला ते कळत नाही.