घरी पोपट, शाळेत मुका

"घरी याच्या तोंडाला विश्रांती नाही, आणि शाळेत म्हणे एक अक्षर बोलत नाही. मॅडम, काही दोष तर नसेल ना?" साडेतीन वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बालवाडीच्या ताईंनी 'एकदा दाखवून घ्या' असं सुचवलं होतं आणि रात्रभर मोबाइल चाळून आई स्वमग्नतेपर्यंत (ऑटिझम) पोचली होती. कानाची तपासणी झालेली, ऐकू नीट येत होतं. माझ्या खोलीत तर साहेबांनी जेसीबी कसा चालतो ते दहा मिनिटं समजावलं.

मग मी ताईंच्या परवानगीने तीन सकाळी वर्गाच्या कोपऱ्यात बसले. पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, 'बुजरा'. लगेच खोडलं. तो माझा निकाल होता, मी पाहिलेलं काहीच त्यात नव्हतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी डहाणूजवळच्या कोसबाडला हाच फरक ओळखला. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, एवढ्यावर न थांबता ती कुठे असतात ते पाहिलं. ती गुरं राखत होती. म्हणून कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली.

वहीत पुढे असं आहे : 'नऊ वीस. ठोकळ्यांजवळ उभा. इतरांचा मनोरा बघतोय, ओठ हलताहेत. नऊ पस्तीस. ताई विचारतात, हा रंग कुठला? तो कार्डाकडे बघतो. ताई पुढच्या मुलाकडे वळतात. दहा पाच. हात धुताना : मावशी, नळ गळतोय.'

म्हणजे बोलत होता की! मावशी उकिडव्या बसून, घाई न करता त्याचे हात धूत होत्या. ताईंना मात्र सव्वीस मुलं. प्रश्न विचारून त्या जेमतेम सेकंदभर थांबत. यात त्यांचा एकटीचा दोष नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला तिथल्या वर्गांतही हेच आढळलं होतं, आणि शिक्षक तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं वाढत, लांबत.

मी ताईंना सल्ला दिला नाही, वहीचं पान दिलं. त्या जरा रागावल्या, मग म्हणाल्या, "पण सव्वीस जणांत थांबू किती?" रास्त प्रश्न. ठरलं ते एवढंच : दिवसातून एकदा त्याच्या उंचीला बसून विचारायचं आणि मनात पाच आकडे मोजायचे. 'बोल ना, सगळ्यांना सांग' बंद. आईलाही 'आज बोललास का?' विचारायची बंदी. त्याऐवजी रोज दहा मिनिटं त्याचा खेळ बघून लिहायचं. पहिल्या पानावर तिनंही 'हट्टी' लिहून आणलं. माझ्यासारखंच.

शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर असंच गप्पपण टिकलं, किंवा घरीही शब्द कमी असतील, हाकेला ओ मिळत नसेल, तर मात्र वाट न बघता तज्ज्ञांकडे जा. या मुलाचा दाखला तिथे लावू नका.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. रंग विचारून त्या पाच मोजत होत्या. चारवर तो म्हणाला, "ताई, नळ अजून गळतोय."