'रॉयल्टी' म्हणजे राजघराणं ना? मग लेखकाला मिळणाऱ्या पैशांनाही रॉयल्टी का म्हणतात?

शब्द एकच आहे, आणि त्याच्या दोन अर्थांमधला दुवा खाणीत सापडतो.

लॅटिनमध्ये राजा म्हणजे 'रेक्स' आणि राजाचं ते 'रेगालिस'. फ्रेंचांच्या तोंडी झिजून त्याचं 'रोयाल' झालं. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि पुढे 'रॉयल', 'रॉयल्टी' इंग्रजीत रुजले. (कुलाब्याच्या सिनेमागृहाच्या नावातलं 'रीगल' हे रॉयलचं, मूळ रेगालिसला धरून राहिलेलं भावंड.) संस्कृत 'राजन्' आणि 'रेक्स' यांचं मूळही एकच, म्हणजे आपला राजा या रॉयलचा चुलतभाऊ लागतो. हे नातं पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आधी रॉयल्टी म्हणजे राजेपण, मग राजाचे खास हक्क. त्यातला एक मोठा हक्क खाणींवरचा. इंग्लंडमधल्या केस्विकजवळच्या तांब्याच्या खाणीवरून राणी पहिली एलिझाबेथ आणि नॉर्थंबरलँडचा अर्ल (म्हणजे सरदार) यांच्यात खटला झाला. जमीन अर्लची होती. तरी 1568 मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की सोन्याचांदीच्या खाणी राणीच्या. तांब्याच्या खनिजात सोनं-चांदी असेल, तर ती खाणही तिचीच. राजाच्या हक्काची खाण दुसऱ्याने खणायची, तर त्याने राजाला वाटा द्यायचा. हळूहळू त्या वाट्यालाच हक्काचं नाव चिकटलं. नंतर साधा जमीनमालक खाणवाल्याकडून टनामागे घेई त्या रकमेलाही तेच म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात ते पेटंटला आणि पुस्तकांना लागू झालं. टनामागे मिळायचं ते प्रतीमागे मिळू लागलं, एवढाच फरक.

गावी घराच्या कामाला मुरूम मागवला, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने ब्रासचा (शंभर घनफुटांचा) भाव सांगितला आणि वर बजावलं, "रॉयल्टी वेगळी पडेल हां." सरकारी कागदावर तिचं नाव 'स्वामित्वधन'. जमिनीतल्या खनिजावर हक्क सरकारचा, म्हणून ते भरायचं. प्रकाशकांच्या रॉयल्टीपेक्षा त्या ट्रॅक्टरवाल्याची रॉयल्टी मूळ अर्थाच्या कितीतरी जवळची आहे.